काटी लावलेल्या घराची नोंद

"दाराला काटी दिसली का मागारी नको जाव, बाय. मांगच्या अंगाला ये न् हाळी दे," असं बाईजा म्हातारी तिला सांगत होती, आणि वैष्णवी मान वर न करता "हो आजी, हो" म्हणून मोकळी झाली होती. मान वर करायला सवड कुठे होती? हातात ते नवं यंत्र. काचेवर ऊन पडलेलं, त्यामुळे अक्षरं दिसत नव्हती. कांडीने एका नावावर टोचावं तर त्याच्या खालचं नाव उघडत होतं. म्हातारी आपली बोलत होती, तिची सून जनी उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती, आणि वैष्णवीच्या मनात एकच होतं, की ही नोंद एकदाची जतन होऊ दे, म्हणजे पुढच्या घरी जाता येईल.

हे झालं दोन हजार सहा सालच्या भाद्रपदात. आयाबायांच्या आणि पोरांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत वैष्णवी पर्यवेक्षिका होती, आणि शहापूर तालुक्यातले, डोळखांबच्या वरच्या अंगाचे पाडे तिच्याकडे होते. कुठल्या घरात कोण गरोदर आहे, कुणाचं मूल वाळत चाललंय, कुणाची गोळ्यांची पाकिटं तशीच फळीवर पडून आहेत, हे सगळं ती इतकी वर्षं जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहीत आली होती. मग मुख्य कार्यालयाला सुधारणा सुचली. आता टिपणं कागदावर नाहीत, तळहाताएवढ्या यंत्रावर. आतल्या सॉफ्टवेअरचं नाव 'टिपण'. शहापुरात दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, वडे आणि चहा झाला, आणि शेवटी सगळ्यांच्या वह्या गोणीत भरून शिवून टाकल्या. एकच काम दोनदा नको, असं कारण सांगितलं.

प्रशिक्षण द्यायला भाविक नावाचा मुरबाडकडचा मुलगा होता. संगणकाचा कोर्स केलेला, बोलायला गोड, आणि कुठल्याही प्रश्नाला "पुढच्या व्हर्जनमध्ये येईल, मॅडम" हे उत्तर तयार ठेवणारा. त्याने सांगितलं की ही चाचणी आहे, मनसोक्त वापरा, जे खटकेल ते कळवा. वैष्णवीने ते मनावर घेतलं. ती मराठी घेऊन बी.ए. झालेली, लिहायचा कंटाळा नाही. तिने पहिल्याच महिन्यात भाविकला कळवलं, की जोडाक्षर काढायला तीनदा टोचावं लागतं आणि ज्ञानेश्वर या आपल्या नवऱ्याच्या नावासारखं एखादं नाव लिहीपर्यंत समोरची बाई उठून चुलीकडे जाते. एका घरात दोन सुना असल्या तर यंत्र एकीलाच सून मानतं. बॅटरी नेमकी पाड्यावर मरते, आणि पाड्यावर वीज असते ती पुढाऱ्याच्या भाषणात. भाविकने प्रत्येक वेळी आभार मानले. बदललं काहीच नाही.

सगळ्यात जास्त डोक्यात जायची ती मात्र तिचीच एक नोंद.

प्रशिक्षणात प्रत्येकीला सरावासाठी एक खोटं घर तयार करायला सांगितलं होतं. बाकीच्यांनी कायबाय नावं घातली. वैष्णवीला पटकन सुचेना, तिने आपलंच घर घातलं. शहापूर, कुटुंबप्रमुख ज्ञानेश्वर, बालक अक्षदा, वय अकरा महिने. शेऱ्याच्या चौकटीत काहीतरी लिहा म्हटल्यावर तिने लिहिलं, 'हिला सुकट आवडते.' संध्याकाळी सगळ्यांची खोटी घरं पुसायची होती. बाकीच्यांची पुसली गेली. वैष्णवीचं खरं होतं म्हणून की काय, ते पुसेना. भाविकने बराच वेळ टोचाटोची केली आणि म्हणाला, राहू द्या मॅडम, कुणाचं काय जातंय.

तेव्हापासून यंत्र रोज सकाळी चालू केलं की वर आठवणींची यादी यायची, आणि त्यात महिन्यातून एकदा पहिलं नाव अक्षदाचं. खाली बारीक अक्षरात, हिला सुकट आवडते. महिन्याचं वजन भरलं नाही तर नाव लाल व्हायचं आणि पुढे यायचं, 'धोका. भेट द्या.' पहिल्यांदा ते लाल नाव पाहिलं तेव्हा अक्षदा समोर ओट्याला धरून उभी होती, तोंडात भाकरीचा तुकडा, हनुवटीवर लाळ. तरी वैष्णवीने जाऊन तिच्या कपाळाला हात लावून बघितला. लेकीच्या नावापुढे तो शब्द तिला बघवेना. आधीच ती धास्तावलेली आई. रात्री उठून नाकाशी हात धरून श्वास बघणारी, शिंक आली की छातीला ओवा बांधणारी. मग तिने वजनकाटा घरीच आणायला सुरुवात केली. महिन्याच्या पहिल्या तारखेला अक्षदाला झोळीत घालून आढ्याला टांगायची आणि आकडा भरून टाकायची, की नाव पुन्हा काळं. सासूबाईंना ही मोठी गंमत वाटायची.

"पोरीला तोलतंस का भाताचा कट्टा गो?" त्या म्हणायच्या. ज्ञानेश्वर कसाऱ्याला रेल्वेत होता, ड्युटीवरून आल्यावर विचारायचा की आज काय भाव निघाला. वैष्णवी दोघांवरही चिडायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा काटा आणायची.

दिवाळी झाली, भाताची झोडणी उरकली, आणि दरवर्षीसारखे पाडे रिकामे व्हायला लागले. माणसं वीटभट्ट्यांवर निघाली. पोरंबाळं, कोंबड्या, पातेली टेम्पोत, आणि मागे दाराला बोरीची काटेरी फांदी आडवी बांधलेली. हीच काटी, गुरं आत शिरू नयेत म्हणून बांधायची. करवंदीच्या पाड्यावर वैष्णवी पोचली तेव्हा ओळीने काट्याच काट्या होत्या. शेवटचं घर बाईजाचं. त्यालाही काटी. ती अंगणाच्या कडेलाच थांबली. यंत्राने घर उघडलं, जनीचं नाव आलं, गरोदर, सहावा, आणि खाली तीन पर्याय. घरी. स्थलांतरित. मयत. चौथा पर्याय नव्हता. तिने मधल्यावर टोचलं. यंत्राने विचारलं, खात्री आहे का? वैष्णवीला खात्री होती. काटी डोळ्यांसमोर होती. बाईजाचं घर यादीतून सरकून नाहीसं झालं, आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. चढणीवरचं एक घर कमी झालं होतं.

पौषात ती पुन्हा त्या पाड्यावर गेली, ती दुसऱ्याच घरासाठी. काम झालं, परत फिरताना सवयीने तिने सगळीकडे नजर टाकली. तिची नजर तशी चौकस होती. घरात दुधाच्या पातेल्यावर झाकण तिरकं असलं तरी तिला दिसायचं. बाईजाच्या घरामागच्या करवंदीच्या जाळीवर तिला एक लुगडं वाळत घातलेलं दिसलं. ओलं. टोकाशी पाणी ठिबकत होतं.

ती तिथेच उभी राहिली. पुढच्या दारावरची काटी तशीच होती, वाळून तांबूस झालेली. आणि मग भाद्रपदातली ती म्हातारीची बडबड तिला शब्दन् शब्द आठवली. ती घराला वळसा घालून मागे गेली आणि तिने हाळी दिली.

मागच्या पडवीच्या कुडाच्या भिंतीतलं झापाचं दार बाजूला सरकलं. बाईजा बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून बघत म्हणाली, "आलीस? मी म्हनलं, बाय रुसली का काय आमच्यावर."

मुलगा देवजी भट्टीवर गेला होता. जनीला दिवस गेलेले, भट्टीवर तिला कोण बघणार, म्हणून तिला म्हातारीपाशी ठेवलं होतं. पण घरधनी बाहेर पडताना पुढच्या दाराला काटी लावून जातो आणि तो परत येईपर्यंत ती कुणी काढत नाही, मागे राहिलेली माणसं मागच्या अंगाने वावरतात, ही त्या पाड्याची रीत. बाईजाला त्यात सांगण्यासारखं विशेष काही वाटत नव्हतं. आणि तरीही तिने सांगितलं होतं.

पडवीत जनी कुशीवर पडलेली होती. वैष्णवीने तिच्या पायावर बोट दाबलं, तर खळगा पडला तो भरेचना. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले. डोकं ठणकतंय, म्हणाली, आणि डोळ्यांपुढे काजवे येतात. वैष्णवीने रक्तदाब मोजला, खोटा वाटला म्हणून पुन्हा मोजला. मग पुढचं सगळं धावपळीत झालं. पाड्यावर उरलेल्या म्हाताऱ्यांनी घोंगडीची झोळी केली, कण्हत, एकमेकांना शिव्या देत जनीला उतारावरून खाली आणलं. डोळखांबहून जीप मिळाली. जीपमध्ये जनीचं डोकं वैष्णवीच्या मांडीवर होतं, आणि रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला वैष्णवी मनातल्या मनात त्या मधल्या पर्यायावर टोचणाऱ्या हाताला बोल लावत होती.

जनी वाचली. लेक झाली, ओंजळीत मावेल एवढी. डॉक्टरांनी सांगितलं की दोघींनाही दर आठवड्याला कुणीतरी बघायला हवं, पोरीचं वजन बघायचं, आईचा दाब बघायचा, आणि जरा जरी पोर दूध ओढेनाशी झाली तरी खाली आणायचं. दवाखान्यातून सुटल्यावर जनी कुठे जाणार? माहेरचेही सगळे भट्टीवर. ती परत बाईजापाशी गेली, काटी लावलेल्या घराच्या मागच्या पडवीत.

वैष्णवी यंत्र घेऊन बसली. जनीची नोंद उघडेना. यंत्र म्हणालं, हे घर स्थलांतरित आहे, कुटुंबप्रमुख परतल्यावर नोंद करा. तिने नवं घर करून पाहिलं. यंत्र म्हणालं, या क्रमांकाचं घर आधीच आहे. तिने पोरीला शेजारच्या घरात घालायचं ठरवलं, तर यंत्राने विचारलं की आईचं नाव सांगा, आणि जनीचं नाव घातल्यावर म्हणालं की जनी स्थलांतरित आहे. सासूबाई लसूण सोलत हे सगळं बघत होत्या. त्यांनी सुचवलं की त्या डबड्याच्या दोन थोबाडीत मारून बघ. वैष्णवीलाही तो उपाय वाईट वाटला नाही. शेवटी तिने भाविकला फोन लावला.

"मॅडम, घरातली प्रमुख व्यक्ती परत आली का?" त्याने नम्रपणे विचारलं.

"तो भट्टीवर आहे. शिमग्याला येईल."

"मग घर स्थलांतरितच आहे ना."

"घर जागच्या जागी आहे, भाविक. आत माणसं आहेत. बाळंतीण आहे, पोर आहे."

"असतील मॅडम. पण सिस्टिममध्ये नाहीत."

हा मुलगा वाईट नव्हता. त्याने समजावून सांगितलं की माणसं येतात जातात, कुणीही उठून घर परत उघडलं तर आकड्यांचा घोळ होतो, म्हणून ते कुलूप मुद्दाम घातलेलं आहे. त्याने तिची तक्रार लिहून घेतली. मूल्यमापन झालं की पुढच्या व्हर्जनमध्ये नक्की. तोपर्यंत शेऱ्यात लिहून ठेवा, म्हणाला. वैष्णवीने विचारलं की शेरा कोण वाचतं. त्याने सांगितलं, कार्यालयात वाचतात. तिने फोन ठेवला. कार्तिकात एकदा तिने मुद्दाम एका शेऱ्यात लिहून पाठवलं होतं, की आज माझी भाकरी करपली आणि मुख्य कार्यालयालाही करपट वास येत असेल. त्याला काही उत्तर आलं नव्हतं.

ती जनीकडे यादीबाहेर जात राहिली. आठवड्यातून एक दिवस, कुठल्याही नोंदीत न बसणारा. जनीची पोर हळूहळू दूध ओढायला लागली, पण वजन एका आठवड्यात चढायचं तर दुसऱ्या आठवड्यात तिथेच थांबायचं. एकदा वैतागून वैष्णवीने बाईजाला विचारलं की ती काटी काढून का टाकत नाही, निदान येणाऱ्याजाणाऱ्याला कळेल तरी.

"ज्यानं लावली त्यानं काढायची," बाईजा म्हणाली. तिच्या मते विषय तिथेच संपला.

हेच तर यंत्रही म्हणत होतं. उतरताना वैष्णवीला हसावं की रडावं कळेना. फरक एवढाच होता की बाईजाच्या घराला मागचं अंग होतं.

माघात शहापूरच्या कार्यालयात बैठक झाली. भिंतीवर नकाशा टाकला, आणि करवंदीचा पाडा हिरवागार निघाला. सगळी घरं पूर्ण, एकही भेट बाकी नाही. बंद घरं हिशेबातच नव्हती, मग बाकी राहणार काय? वैष्णवीने उठून तेच सांगितलं. सांगितलं की त्या हिरव्या रंगात एक बाळंतीण आहे. समोरच्या साहेबांनी मान डोलावली, मुद्दा चांगला आहे म्हणाले, आणि पुढच्याच वाक्यात जाहीर केलं की शहापूरची चाचणी यशस्वी झाल्यामुळे आता मुरबाड तालुका घ्यायचा आहे, आणि तिथे वैष्णवीताईंसारखी अनुभवी व्यक्ती हवी. टाळ्या झाल्या. तिला ही बढती आहे असं सांगण्यात आलं. शहापूरहून मुरबाडला रोज जायचं म्हणजे दिवस सगळा एसटीत आणि मुरबाडच्या वाड्यांवर. डोळखांबची वाट उलट्या दिशेला.

तिच्या जागी कोण येणार, ते ठरलं नव्हतं. बाई नेमायची आहे, येईल आठपंधरा दिवसांत. यंत्र कपाटात राहील आणि नवी बाई आली की तिच्या हातात जाईल. वैष्णवीने विचारलं की मी तिला एकदा पाडा दाखवून आणू का. गरज नाही, उत्तर मिळालं, यंत्रच दाखवील, त्यासाठीच तर ते आहे. मग तिने उपकेंद्राच्या सिस्टरला निरोप दिला, पण त्या बिचारीकडे दोन उपकेंद्रांचा कारभार होता आणि पाय एकच जोडी. अंगणवाडीच्या बाईंनाही सांगितलं. दोघी हो म्हणाल्या. वैष्णवीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आपण भाद्रपदात म्हणालो होतो तसंच हे हो आहे, हे तिला लगेच कळलं.

शेवटची ती करवंदीच्या पाड्यावर गेली तेव्हा जनीची लेक टक लावून कुडाच्या फटीतल्या उजेडाकडे बघत होती. जनीने विचारलं, आता तुमी नाय येणार? वैष्णवीने सांगितलं की दुसरी ताई येईल.

"तिला सांग," बाईजा म्हणाली, "मांगनं ये म्हनावं."

यंत्र जमा करायचं होतं ती तारीख नेमकी एक होती. काटा आढ्याला टांगलेला, सासूबाई अक्षदाला काखेत घेऊन तयार. वैष्णवीने यंत्र चालू केलं. वर पहिली ओळ आली. अक्षदा, वजन बाकी. हिला सुकट आवडते.

ती त्या ओळीकडे बघत राहिली. जनीच्या नोंदीत लिहिता येत नव्हतं. कार्यालयाला लिहिलेलं कुणी वाचत नव्हतं, आणि कागदाची चिठ्ठी त्या कपाटात कुठे गेली असती कोण जाणे. पण हे यंत्र ज्या कुणाच्या हातात पडेल, तिला रोज सकाळी सगळ्यात आधी हीच ओळ दिसणार होती. अट एकच. नाव लाल असायला हवं. लाल नाव पुसलं जात नाही, मागे जात नाही, वजन भरेपर्यंत रोज वर येतं.

"घे गो हिला, घालू झोळीत," सासूबाई म्हणाल्या.

"आज नको, आई."

"का? बरं नाय का तिला?"

वैष्णवीने अक्षदाकडे बघितलं. पोर काट्याची साखळी ओढून खिदळत होती, गाल पापडासारखे फुललेले. तिने काटा उतरवून ठेवला. वजनाच्या चौकटीत काही न भरता ती पुढे गेली आणि नाव तिच्या डोळ्यांदेखत लाल झालं. धोका. भेट द्या. संध्याकाळी पोरीची दृष्ट काढायला सांगायची, असं तिने मनाशी ठरवलं, आणि सुकटीचा शेरा पुसून टाकला. चौकटीत ओळी मोजक्याच मावत होत्या. तिने दोनदा लिहून दोनदा खोडलं. जोडाक्षरं टाळत, एकेक अक्षर टोचत, तिने लिहिलं:

'ताई, ही मुलगी माझी आहे. तिची काळजी करू नका, घरी सगळे आहेत. तुमी करवंदीचा पाडा गाठा. शेवटचं घर. दाराला काटी दिसेल, परत फिरू नका. मागे जा आणि हाळी दया. आत जनी आणि तिची लेक असेल. पोर दूध ओढते का, तेवढं बघून या.'